येणें आणि आलेलें

व्याकरणांत भविष्यकाळ व भूतकाळ यांची गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण जातात. व्यापारांत तीच गल्लत करणाऱ्या गृहस्थाच्या घरचे दागिने जातात. माल पोंचविला, बीजक लिहिलें, वहींत येणें मांडलें, म्हणजे पैसा आलाच, असें पुष्कळ सुशिक्षित घरांतहि समजलें जातें. परंतु बडा खरेदीदार पैसे देण्यास तीन महिने लावतो आणि कामगारांचा पगार तर महिनाअखेरीस द्यावाच लागतो. मग मधला खळगा सुनांच्या बांगड्या गहाण टाकून भरला जातो.

बांगड्यांऐवजीं तें बीजकच कां वटवूं नये, असें आम्ही विचारतों. मुदती हुंडी कसर देऊन वटविण्याची चाल आपल्या पेढ्यांवर फार जुनी. आज जिला फॅक्टरिंग म्हणतात ती पद्धत तिचेंच धाकटें भावंड होय. विक्रेता आपलें येणें एखाद्या वित्तसंस्थेस विकतो. ती बरीचशी रक्कम तत्काळ देते, मुदत भरतांच खरेदीदाराकडून वसुली करते, आणि व्याज व आपला आकार कापून बाकी परत करते. यासाठीं आपल्या देशांत २०११ सालचा स्वतंत्र कायदा आहे.

आतां हिशेब पाहूं. समजा, बीजक १,००,००० रुपयांचें असून ८०,००० आगाऊ मिळाले. सालीना शेंकडा १२ प्रमाणें तीन महिन्यांचें व्याज २,४०० रुपये. बीजकावर शेंकडा १ आकार धरल्यास आणखी १,०००. त्या मालांत नफा १०,००० असेल, तर त्याचा तिसरा हिस्सा गेलाच. म्हणून हें औषध आहे, अन्न नव्हे. तें दरमहा घ्यावें लागत असेल, तर खरा रोग विक्रीच्या दरांत किंवा वायद्यांत शोधावा.

सही करण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: खरेदीदारानें पैसे बुडविले तर भरणार कोण? कांहीं करारांत ती जोखीम विक्रेत्याच्याच गळ्यांत राहते. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानें २०१७ पासून सुरू झालेल्या ‘ट्रेड्स’ या इलेक्ट्रॉनिक बाजारांत मात्र खरेदीदारानें मान्य केलेल्या बीजकावर वित्तसंस्था दर बोलतात, आणि पुढें पैसे थकले तरी लहान उद्योजकाकडे परत मागत नाहींत.

शिवाय, नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांस ४५ दिवसांच्या आंत पैसे मिळालेच पाहिजेत, असें २००६ चा कायदा सांगतो. विलंब झाल्यास बँक-दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देणें खरेदीदारावर बंधनकारक आहे. ग्राहक तुटेल या भयानें तें कोणी मागत नाहीं, हा भाग निराळा.

एकत्र कुटुंबांत धंदा एकाच्या नांवें चालतो, पण त्याची झळ सर्वांस लागते. यास्तव वडीलधाऱ्यांनीं दरमहा वही उघडून ‘येणें’ आणि ‘आलेलें’ हे दोन रकाने घरांतील सर्वांसमक्ष, विशेषतः जिचे दागिने पणास लागतात तिच्यासमक्ष, वाचून दाखवावेत. गहाणखताची पाळी आली म्हणजे मग सांगण्यापेक्षां हें बरें.