स्पॉयलरची वायर कापण्याआधी

हुमनाबादला राष्ट्रीय महामार्ग 65 च्या कडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टरचे दिवे, ट्रकचा सेल्फ, पिकअपचा डायनॅमो हे रोजचं काम. पण हा रस्ता सोलापूर-उमरग्याकडून येऊन थेट हैदराबादला जातो, त्यामुळे गेल्या काही वर्षांत वेगळ्याही गाड्या दारात उभ्या राहू लागल्या आहेत. हैदराबादला कुणीतरी पाच-सात वर्षं वापरलेली ऑडी किंवा पोर्शे भालकी, बसवकल्याण, कलबुर्गीच्या हौशी माणसाकडे येते. शोरूम लांब, तिथला खर्च मोठा, म्हणून बारीकसारीक काम आमच्याकडे. आणि त्या बारीक कामांत एक मागणी ठरलेली असते : “उस्ताद, मागचा तो पंख आपोआप उठतोय. त्याची वायर काढून टाका.”

मी ते काम करत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी करत नाही. आमच्या धंद्यातल्या इतरांनीही करू नये असं माझं मत आहे, आणि गाडी घेणाऱ्यांनी ते मागूही नये.

हा पंख म्हणजे स्पॉयलर. डिकीच्या झाकणात तो बसून असतो, दिसतही नाही. ऑडी टीटीच्या दुसऱ्या पिढीत गाडी ताशी 120 च्या वर गेली की तो वर येतो आणि वेग 80 च्या खाली आला की परत आत बसतो. पोर्शे बॉक्स्टरलाही तेच दोन आकडे. मध्ये इतकं अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे, नाहीतर 118-122 च्या आसपास चालणाऱ्या गाडीत तो सारखा वर-खाली करत राहिला असता आणि मोटर जळाली असती. हातानं उचलायचं बटनही बऱ्याच गाड्यांत असतं. लोकांना खटकतं ते त्याचं आपोआप उठणं. गाडी माझी, मी सांगितलं नाही, मग ही वस्तू स्वतःहून का हलते? हा राग मला कळतो. पण तो कशासाठी उठतो हे समजलं तर राग टिकणार नाही.

बीदरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. हवाई दलाचं स्टेशन आमच्या जिल्ह्यात आहे. सूर्यकिरण पथक 1996 साली तिथंच उभं राहिलं आणि आज त्याच तळावर हॉक विमानांवर तरुण वैमानिक शिकतात. विमान उतरायला येतं तेव्हा पंखांच्या मागच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, खाली झुकतात. कमी वेगात विमानाला हवेचा आधार कमी मिळतो, तो वाढवण्यासाठी. वर जाऊन वेग घेतला की त्या पट्ट्या परत आत जातात. गाडीचं नेमकं उलटं. तिला उडायचं नाही. पण स्पोर्ट्‌स गाडीचं छत वरून फुगीर आणि मागं उतरतं असतं. म्हणजे आकार विमानाच्या पंखासारखाच झाला. वरून हवा जोरात सरकते, तिथला दाब कमी होतो आणि गाडीचं मागचं अंग उचललं जाऊ लागतं. म्हणून विमानाची पट्टी कमी वेगाला बाहेर येते आणि गाडीचा स्पॉयलर जास्त वेगाला.

यातला हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेचा हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. 60 वरून 120 वर गेलात तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. 60 ला काहीच जाणवलं नाही म्हणून 120 ला थोडंसंच जाणवेल, हा अंदाज इथं चुकतो. शिवाय सरळ रस्त्यावर सरळ जाताना कळतही नाही. कळतं ते स्टिअरिंग अचानक वळवावं लागतं तेव्हा. उसाच्या हंगामात रात्री आमच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली एकदम समोर दिसते, ड्रायव्हर उजवीकडे ओढतो आणि लगेच परत डावीकडे आणतो. त्या दोन झटक्यांत मागच्या चाकांवर वजन हवं असतं. हवेनं ते कमी केलेलं असेल तर मागचं अंग फिरतं.

हे ऐकीव नाही. ऑडी टीटी पहिल्यांदा 1998 साली बाजारात आली तेव्हा तिच्या मागं काहीच नव्हतं. गोल छत, तशीच गोल उतरती पाठ. त्या आकाराचं जगभर कौतुक झालं, आजही होतं. पण जर्मनीतल्या ऑटोबानवर, जिथं बऱ्याच भागांत वेगाला मर्यादाच नाही, तिथं जोरात असताना लेन बदलताना किंवा वळणावर या गाड्या मागून सुटू लागल्या. अपघात झाले, माणसं गेली. कंपनीला विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. 1999-2000 च्या सुमारास सस्पेन्शनमध्ये बदल झाले, गाडी घसरताना सावरणारी ईएसपी यंत्रणा आली, आणि डिकीवर एक छोटा कायमचा स्पॉयलर बसला. तो दिसायला ओठाएवढा. आकारावर प्रेम करणाऱ्यांना तो आवडला नाही. 2006 ला दुसरी टीटी आली तेव्हा कंपनीनं दोघांचं समाधान केलं : उभी असताना पाठ कोरी, 120 ला स्पॉयलर बाहेर. म्हणजे आज ज्याची वायर कापायला सांगतात ती वस्तू अपघातांतून शिकून आलेली आहे.

ती आपोआपच का हवी, याचाही इतिहास आहे. 1986 ची लान्चिया थेमा 8.32, जिच्यात फेरारीचं इंजिन होतं, तिच्या डिकीतून असाच पंख बाहेर यायचा, पण तो ड्रायव्हरनं दांडी हलवून काढायचा. दोनच वर्षांनी, 1988 ला, फोक्सवॅगन कोराडोनं ते काम वेगाकडे सोपवलं. 1989 च्या पोर्शे 911 मध्ये, म्हणजे जिला जाणकार 964 म्हणतात तिच्यात, 80 ला स्पॉयलर वर येऊ लागला. त्या गाडीचं इंजिन मागं आणि हवेवर थंड होणारं, त्यामुळे जाळीसकट उठणारा स्पॉयलर इंजिनाला हवाही द्यायचा. तो दाबून ठेवला तर रस्त्यावरची पकड जाते आणि इंजिनही तापतं. माणसाच्या आठवणीवर सोडण्यासारखी ही गोष्ट नाही, हे त्या इंजिनिअरांनी ओळखलं. जेव्हा स्पॉयलरची गरज असते तेव्हा ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर आणि हात स्टिअरिंगवर असतात. त्या वेळी बटन शोधायला त्याला सवड नसते.

आता लोक जी कारणं सांगतात ती बघू. दिसायला वाईट दिसतो, हे पहिलं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ज्याची त्याची नजर. आवाज येतो, हे दुसरं. निरोगी यंत्रणेचा आवाज फार नसतो, करकर येत असेल तर ती दुरुस्तीची हाक आहे. तिसरं कारण लोक जरा हळू आवाजात सांगतात : पंख वर असला की पुढच्या चौकीवरच्या पोलिसाला कळतं, गाडी आत्ता 120 च्या वर होती. 90 वर आणली तरी पंख खाली बसत नाही. खरं आहे, तो चुगली करतो. पण ज्याला 120 च्या वर जायचंय आणि ते लपवण्यासाठी त्याच वेगाला लागणारी सुरक्षा काढायचीय, त्याच्या गाडीला मी हात लावणार नाही. त्याच्या समोरून येणारा मोटारसायकलवाला हल्लीखेडचा किंवा चिटगुप्प्याचा असतो, माझ्याच ओळखीचा.

आणि एक कारण असतं, “इथं कुठं एवढा वेग मिळतो?” बीदरच्या गल्लीत नाही मिळत. पण पाटणचेरूजवळ आमचा हायवे हैदराबादच्या बाहेरच्या रिंगरोडला मिळतो आणि त्या रिंगरोडच्या आतल्या लेनना 120 ची परवानगी आहे. हायवेवर पहाटे या गाड्या कुठल्या वेगानं माझ्या दुकानासमोरून जातात ते मी उठल्यापासून ऐकतो. वेग मिळतोच. जो कधीच 120 ला जात नाही त्याचा स्पॉयलर कधी उठणारच नाही, मग त्याला वायर काढायची गरज काय?

खरी तक्रार असते ती बिघाडाची, आणि तिथं मला गिऱ्हाइकाची कीव येते. बहुतेक वेळा “बंद करा” याचा अर्थ “दुरुस्तीचा खर्च ऐकला, नको झालं” असा असतो. बॉक्स्टरसारख्या गाडीच्या डिकीचं आतलं पत्रा-प्लॅस्टिक उघडलं की मधे एक मोटर दिसते. तिच्यातून दोन्ही बाजूंना दोन लवचिक केबली जातात, जुन्या स्पीडोमीटरच्या केबलीसारख्या, आणि त्या टोकाला बसवलेल्या छोट्या गिअरना फिरवतात. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा 42-44 ला जातो. त्या उष्णतेनं केबलीवरचं प्लॅस्टिकचं आवरण ओढल्यासारखं आखडतं, आतली तार जागेवरून सरकते आणि एका बाजूचा गिअर फिरायचा थांबतो. मग पंख एकीकडून वर, दुसरीकडून खाली. त्यात बीदरची लाल माती. ग्रीसमध्ये ती मिसळली की विटकरी लगदा होतो आणि बोटाला खरखर लागतो. हा लगदा काढून, पेट्रोलनं नाही तर साध्या साफ करायच्या द्रवानं धुऊन, नवं ग्रीस भरून, केबलीचं आवरण सारखं करून बसवलं की पुष्कळदा काम होतं. नवा पूर्ण सेट दरवेळी लागत नाही. तेवढा वेळ द्यायला मिस्त्री तयार पाहिजे आणि तेवढी मजुरी द्यायला मालक. दोघांनाही घाई, म्हणून कात्री लागते.

समजा भाग मिळतच नाही. मग काय करायचं? मी मालकाला सांगतो, स्पॉयलर वर उचलून तिथंच पक्का करू. वर अडकलेला पंख फार तर दिसायला खटकेल, थोडं इंधन जास्त खाईल. खाली अडकलेला पंख नेमका गरजेच्या क्षणी नसतो. दोन वाईटांतलं कुठलं निवडायचं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त राग येतो तो दिव्याचा. वायर काढली की डॅशबोर्डवर खुणेचा दिवा लागतो. मग लोक तो दिवाही मारायला सांगतात. स्कॅनर लावून कोडिंगमध्ये ती यंत्रणाच नाही असं गाडीला पटवायचं. जुन्या गाड्यांत एअरबॅगच्या, एबीएसच्या दिव्याचं हेच होतं : बल्ब काढतात, नाहीतर दुसऱ्या दिव्याला जोडतात म्हणजे तो वेळेवर लागतो आणि वेळेवर विझतो. हे काम मी उघडून पाहिलेलं आहे. वायर कापणारा स्वतःचा जीव धोक्यात घालतो, पण दिवा मारणारा पुढच्या मालकाला फसवतो. आणि पुढचा मालक असतोच. हैदराबादहून बीदरला आलेली गाडी दोन वर्षांनी लातूरला किंवा सोलापूरला जाते. आरसीवर मालकाचं नाव बदलतं, कापलेल्या वायरची नोंद कुठंच नसते.

याच मनःस्थितीचं दुसरं टोकही माझ्या दुकानात येतं. स्विफ्ट, अल्टोवाली पोरं मोठा काळा पंख घेऊन येतात आणि डिकीला स्क्रू मारून बसवा म्हणतात. त्या गाडीच्या आकाराला, वजनाला, वेगाला तो मोजून केलेला नसतो. स्क्रूच्या भोकातून पावसाळ्यात पाणी जातं आणि पत्रा गंजतो, एवढाच त्याचा परिणाम. ज्याला मोजून बसवलेला पंख मिळालाय तो काढायला सांगतो, ज्याच्या गाडीला गरज नाही तो लावायला सांगतो, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर फक्त दिसणं असतं.

हे श्रीमंतांच्या गाड्यांपुरतं असतं तर मी वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या कारला वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा आहे. 80 ला तो थांबून थांबून वाजतो, 120 ला सलग. तेच दोन आकडे, ऑडीवाल्याला पंख आणि आपल्याला पिपाणी. तीही बंद करून मागतात. सीट बेल्टची सूचना थांबवण्यासाठी बक्कलमध्ये खोटी क्लिप घालतात. 2023 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांवरून अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती उतरवायला लावाव्या लागल्या. आठच महिने आधी, 4 सप्टेंबर 2022 ला, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, मागच्या सीटवर बेल्ट न लावता. सगळ्या देशानं ती बातमी वाचली, आणि तरीही एवढ्या क्लिपा विकायला होत्या.

माझी मागणी साधी आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्रानं डिसेंबर 2022 मध्ये नियम केले, एप्रिल 2023 पासून ते लागू आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक कागद हवा, ज्यात गाडीतली कुठली यंत्रणा बंद केलेली आहे हे लिहून देणं विकणाऱ्याला बंधनकारक असेल : एअरबॅग, एबीएस, स्पॉयलर, जे असेल ते. आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर लिहायला सुरुवात करावी. मी लिहितो. “मागचा स्पॉयलर वर पक्का केला, मोटर काढलेली आहे, मालकाच्या सांगण्यावरून,” तारीख आणि किलोमीटरसह.

तोवर जुनी स्पोर्ट्‌स गाडी बघायला जाणाऱ्यानं एवढं करावं. चावी फिरवल्यावर इंजिन चालू करण्याआधी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लागतात का ते मोजा. एकही लागला नाही तर विचारा. मग विकणाऱ्याला पंखाचं बटन दाबायला सांगा आणि स्वतः गाडीच्या मागं जाऊन उभे राहा. दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच उंचीवर आल्या पाहिजेत. विकणारा म्हणाला, “ते बटन आम्ही वापरतच नाही,” तर डिकीचं आतलं झाकण उघडायला सांगा आणि मोटरचं कपलर जोडलेलं आहे का ते बघा.