बिल्ला, टंका आणि नाणे

आमच्या शिर्डीत बाबांची छबी असलेला पिवळा बिल्ला पाकिटात नाही असा यात्रेकरू विरळा. हा बिल्ला प्रामाणिक आहे. तो स्वतःला नाणे म्हणवीत नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्या खोटारड्या भावाविषयी. एका बाजूला रामपंचायतन किंवा मारुती, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८’. असले टंके दुर्मिळ नाणी म्हणून विकले जातात, आणि ‘तांदूळ ओढणारे नाणे’ या नावाखाली शिकलेली माणसेही लाखोंना बुडतात.

वास्तविक ओळख अवघड नाही. कंपनीचे सर्व प्रांतांसाठी एकसारखे चलन आले ते १८३५ च्या कायद्याने. त्या अर्ध्या आण्यावर कंपनीचे सिंहांचे राजचिन्ह आहे, देव नाहीत. मद्रासकडे कंपनीने देवमूर्ती असलेले होन पाडले होते, हे खरे. पण ते सोन्याचे होन, तांब्याचा अर्धा आणा नव्हे. तेव्हा नुसती देवाची मूर्ती ही कसोटीच नव्हे. २०१२ साली भारत सरकारने वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५ आणि १० रुपयांची नाणी काढली. त्यांवर देवी आहे, तरी ती चलनी नाणीच.

मग वर्गवारी कशाने करावी? माझ्या मते प्रश्न एकच: कोणी काढले आणि कशासाठी? सरकारने व्यवहारासाठी काढले ते नाणे. कँटीनवाल्याने चहापुरते काढले ते टोकन. शेजारच्या दुकानात त्याला कोणी विचारीत नाही. गौरवाचे वा स्मरणाचे ते पदक. भक्तीचा किंवा जाहिरातीचा तो बिल्ला. वजन, धातू, काठ हे सारे नंतर.

आणि काही वेळा तेही मुके ठरतात. १९१८ मध्ये देह ठेवण्यापूर्वी बाबांनी लक्ष्मीबाई शिंदे यांना आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले. त्या काळचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, कोट्यवधींनी पाडलेला. बाबांच्या हातचा रुपया आणि सराफाच्या पेटीतला रुपया यांत तराजूला फरक दिसणार नाही. फरक आहे तो कोणाकडून कोणाकडे आला या नोंदीत. ही नोंद नसेल तर उद्या कोणीही कोणताही रुपया पुढे करील, आणि भाविक हात जोडतील.

म्हणून सुचवावेसे वाटते की आमच्या इतिहास विभागाने एक खण या बिल्ल्यांना द्यावा. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. अडले तर तेथे विचारता येईल. (प्राध्यापक मंडळी हसतील. हसोत! आजचा दहा रुपयांचा बिल्ला पन्नास वर्षांनी ‘बाबांच्या काळचा’ म्हणून विकला जाईल, तेव्हा आपण नसू.) प्रत्येक बिल्ल्याला एक पाकीट, वर दुकान, तारीख, किंमत आणि सोनाराच्या काट्यावरचे वजन. पहिली तीन पाकिटे मी केली आहेत. त्यांतले एक २०१८ च्या समाधी शताब्दीचे आहे.