खरा माणूस स्वतःला तोतया समजतो तेव्हा

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. आपण भाऊसाहेब नव्हे, हे त्या तोतयाला पक्के ठाऊक होते. पण याच्या उलटही घडते, वाचकहो. माणूस असतो खरा, कष्टाने वर आलेला. आणि मनात मात्र धरून बसतो की, आज ना उद्या आपले बिंग फुटणार!

पोरगी पहिल्या वर्गात पास होते आणि म्हणते, "पेपर सोपा होता." सून बचत गटाची अध्यक्ष होते आणि म्हणते, "दुसरे कोणी मिळेना, म्हणून मला बसवले." आपण म्हणतो, पोर विनयशील आहे. पुष्कळदा ते खरेही असते. पण कधी त्या बोलण्याआड भीती असते.

अमेरिकेत पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ साली या भीतीवर लेख लिहिला. त्यांनी दीडशेहून अधिक शिकल्यासवरलेल्या, कर्तबगार स्त्रियांचा अनुभव पाहिला होता. पदव्या होत्या, मान होता; तरी 'हे आपले नव्हे' ही रुखरुख जात नव्हती. पुढे पुरुषांतही हीच भावना आढळली.

मग ती मोजायची कशी? १९८१ साली जोन हार्वे यांनी १४ विधानांची प्रश्नावली केली. क्लान्सबाईंनी १९८५ साली २० विधानांची केली. यश नशिबाने मिळाले असे वाटते का, स्तुती ऐकताना अवघडल्यासारखे होते का, अशा धर्तीची ती विधाने. प्रत्येकाला 'मुळीच नाही' याचा १ गुण, 'अगदी खरे' याचे ५. बेरीज २० ते १०० मध्ये येते. ४० पर्यंत आली तर ही भावना थोडी. ६० च्या वर गेली तर ती वरचेवर छळते. ८० च्या वर गेली तर फारच तीव्र.

मात्र एक ध्यानात ठेवा. हा काही रोग नव्हे आणि हे गुण म्हणजे डॉक्टरांचे निदान नव्हे. थर्मामीटर ताप किती ते सांगतो, कशाने आला ते सांगत नाही. वर्गात कोणी पोरीच्या बोलीला हसत असेल, तर दोष तिच्या मनाचा नव्हे, हसणाऱ्यांचा आहे. आणि तो या प्रश्नावलीत मोजला जात नाही.

त्या दोघी बाईंनी एक उपाय सुचवला होता: अशा माणसांनी एकत्र बसून बोलावे. दुसरीच्या तोंडून तेच ऐकले की आपली भीती किती पोकळ, ते कळते. तेव्हा शहरात शिकायला गेलेले लेकरू सुट्टीत घरी आले, तर नुसते मार्क विचारू नका. "तिथे तुला परके वाटते का रे?" एवढेही विचारा. आणि 'नशिबाने जमले' असे ते म्हणाले, तर कंदिलाशी जागवलेल्या रात्रींची त्याला आठवण द्या. झोप मात्र उडाली असेल, जेवण तुटले असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.