शिकवणी कुत्र्याची की मालकाची?

नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या फलकावर सभेची सूचना लागली. गळणारी गच्ची, पाण्याचा पंप आणि रखवालदाराची पगारवाढ हे नेहमीचे तीन विषय होते. त्यांच्याखाली पेनाने मागाहून घातलेला चौथा विषय होता : 'तिसऱ्या मजल्यावरील पाळीव कुत्र्याबाबत निर्णय.' तिसऱ्या मजल्यावर कुत्रा एकच, आणि तो आमचा.

बंड्या हा लॅब्रॅडॉर जातीचा. ही जात गरीब स्वभावाची, लहान मुलांत रमणारी, म्हणूनच चिरंजीवांनी ती निवडली होती. पण दिवाळीच्या पाडव्याला सकाळी वरच्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी नवे कपडे घालून, हातात टिकल्यांचे पिस्तूल घेऊन लिफ्टमध्ये शिरली आणि तिने बंड्याच्या डोक्यावर हात ठेवला. एका क्षणात तिचे मनगट त्याच्या तोंडात होते. दोन दातांच्या खुणा उमटल्या, रक्त आले. आमच्या सौभाग्यवतींनी तिचा हात नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुतला, मग आम्ही सगळे दवाखान्यात धावलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुत्र्याचं लसीकरण झालंय ना?" मी मोठ्या ऐटीत "हो" म्हटले. घरी येऊन कार्ड काढले तर वार्षिक लस ऑगस्टमध्ये द्यायची राहून गेली होती. मुलीला पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा इंजेक्शनांचा क्रम लागला. बंड्यावर दहा दिवस नजर ठेवायची होती. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मला शाळेपासून पाठ होते. त्या दहा दिवसांत त्याचा अर्थ कळला. रोज सकाळी मुलीचे आजोबा जिन्यात भेटत आणि एवढेच विचारत, "कसा आहे हो तो?" त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणूनच तो जास्त लागे.

बंड्याला काही झाले नव्हते. मुलगीही बरी झाली. पण सभेपुढचा प्रश्न उरलाच, आणि आज तो आमच्या एका सोसायटीचा राहिलेला नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने एका वृद्धेचा जीव घेतला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर आदी तेवीस जातींच्या आयातीवर, पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घालायला सांगितले. महिन्याभरातच, एप्रिलमध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. संबंधितांना विचारले नाही, हा मुख्य आक्षेप होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, रेबीज झालेले आणि आक्रमक मात्र सोडू नयेत, असे ठरले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांपुरता निराळा, कडक आदेश आला.

हा वाद नवा नाही. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी समाजाने दंगा केला होता. पण या साऱ्या गदारोळात एक गोष्ट नेहमी निसटते. चर्चा कुत्र्याच्या जातीची होते, त्याच्या संख्येची होते, त्याला खाऊ घालणाऱ्यांची होते. ज्या घरात तो वाढतो त्या घराची होत नाही. तेवीस जातींच्या त्या यादीत लॅब्रॅडॉर नव्हता. यादी लागू असती तरी त्या मुलीचे मनगट वाचले नसते.

मग चुकले काय? सभेआधी आम्ही एका प्रशिक्षक बाईंना घरी बोलावले. बंड्याला त्या काहीतरी शिकवतील अशी माझी समजूत होती. त्या तासभर आमच्याशीच बोलत बसल्या.

पहिला प्रश्न : "पिल्लू घरी कधी आणलंत?" जून २०२०, टाळेबंदी जरा सैल झाली तेव्हा. ते दोन महिन्यांचे होते. "पहिल्या तीन-चार महिन्यांत त्यानं किती माणसं पाहिली?" आम्ही तिघे. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून जात असे. जी काही माणसे दिसली ती तोंडाला फडके बांधलेली. लहान मूल एकही नाही.

यामागचे शास्त्र जुने आहे. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ असा असतो की त्या वेळी जे भेटेल ते त्याला 'आपले' वाटते, आणि जे भेटत नाही त्याची पुढे धास्ती वाटू शकते, हे त्यातून पुढे आले. हे दार हळूहळू मिटते आणि नंतर उघडायला फार कष्ट पडतात.

हे ऐकताना मला आमच्या गावाकडच्या घरचा कुत्रा आठवला. त्याला कुणी 'पाळले' नव्हते. तो अंगणात असे. आजी रात्री भाकरीचा तुकडा टाकी, तो दारात पडून राही. त्याला 'बस' म्हटलेले कळत नव्हते, पण तो कुणाला चावल्याचे आठवत नाही. जातिवंत कुत्रे बिघडलेले, गावठी कुत्रे शहाणे, असा याचा अर्थ मी पूर्वी लावत असे. खरे कारण साधे आहे. ते पिल्लू अंगणातच जन्मले होते. डोळे उघडल्यापासून त्याने गुरे पाहिली, रांगती पोरे पाहिली, लग्नाची वाजंत्री ऐकली, फेरीवाले, पाहुणे, वासुदेव सगळे पाहिले. त्याला शिकवणी लागली नाही, कारण शाळा दारातच भरत होती. आमच्या सदनिकेत ती शाळा नव्हती, आणि ती भरवायला हवी हेही आम्हाला ठाऊक नव्हते. लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये हे खरेच. पण कडेवर घेऊन गॅलरीत, फाटकापाशी, मंडईच्या कोपऱ्यावर उभे राहायला कुणाची हरकत नसते.

बाईंचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "तो गुरगुरायचा का?" लहानपणी गुरगुरायचा. ताटलीजवळ गेले की, पाहुण्यांनी हात लावला की. "मग तुम्ही काय करायचात?" वर्तमानपत्राची सुरळी करून एक फटका द्यायचो. मालक कोण हे त्याला कळायला हवे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. दोन-चार महिन्यांत त्याचे गुरगुरणे थांबले. आम्हाला वाटले, वळण लागले.

बाई म्हणाल्या, "काका, तो न सांगता चावला असं तुम्ही म्हणताय. सांगायचं तर तुम्हीच बंद केलंत."

या वाक्यावर मी अजून विचार करतो. गुरगुरणे हा कुत्र्याचा उद्धटपणा नव्हे, ती त्याची सूचना असते. त्याच्याही आधी तो जांभई देतो, ओठ चाटतो, मान वळवतो, डोळ्यांतला पांढरा भाग दाखवतो. शेपूट हलते म्हणजे तो खूष, हेही सरसकट खरे नाही. ताठ शेपूट नुसते टोकाशी हलत असेल तर जरा थांबावे. फटक्याने गुरगुरणे जाते, भीती जात नाही. उरतो तो सूचना न देणारा कुत्रा. आदल्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने तो पलंगाखाली थरथरत होता. सकाळी लिफ्टच्या कोंदट पेटीत त्याला मागे सरायला जागा नव्हती, समोर पिस्तूल घेतलेले अनोळखी मूल होते, आणि नको म्हणण्याची त्याची भाषा आम्ही आधीच काढून घेतली होती.

'मालक कोण ते दाखवा' या उपदेशाची कुळकथाही मजेशीर आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये प्रमुखपदासाठी चाललेल्या झगड्यांचे वर्णन केले. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील पुस्तकाने ही कल्पना सर्वत्र पसरली. कळपात एक म्होरक्या असतो, तसा घरात माणसाने व्हावे, असा सोयीचा निष्कर्ष लोकांनी काढला. याच मेक यांनी पुढे मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे चक्क कुटुंब. शास्त्रज्ञाने आपले मत सुधारले, वर्तमानपत्राची सुरळी मात्र आमच्या घरापर्यंत पोहोचलीच.

तेव्हा 'कुत्र्याला शिकवत नाही' असे घर नसतेच. प्रत्येक घर त्याला दिवसभर शिकवत असते. जेवताना पोळीचा तुकडा टाकला की टेबलापाशी भुंकल्यावर मिळते हे तो शिकतो. अंगावर उडी मारली की लाड होतात हे शिकतो. साखळी हिसडली की पुढे जाता येते हेही शिकतो. आपण काय शिकवतो आहोत हे फक्त आपल्याला माहीत नसते. शिक्षण उलट दिशेने करायचे तर हवे ते केल्याबरोबर, त्याच क्षणी, खाऊ द्यायचा. नको ते केल्यास लक्षच द्यायचे नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. यातला शेवटचा भाग सर्वांत कठीण. आमच्याकडे बंड्या सहा आठवड्यांत शिकला. मला चोरून तुकडा न टाकायला चार महिने लागले.

सभेत बाजू दोन्हीकडे होत्या. एका सभासदाने कागद फडकावला : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यास बंदी करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. ते बरोबर होते, आणि माझ्याच बाजूचे होते. पण मुलीचे आजोबा उठून म्हणाले, "तुमचा हक्क मला मान्य आहे हो. पण उद्या लिफ्टचं दार उघडलं की माझ्या नातीनं काय करायचं, ते सांगा." सभागृह गप्प झाले. हक्काच्या कागदात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

खरे तर कायद्याची दुसरी बाजूही आहे. ती आम्ही पाळीव प्राण्यांचे मालक फडकावत नाही. आपल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होणार नाही एवढी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. तेव्हा दंड संहितेचे कलम २८९ होते, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९१ आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात तर सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तीही क्रूरता धरली आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात गॅलरीत बांधलेली कुत्री ज्या शहरात शेकड्यांनी भुंकतात तिथे हे कलम कुणाच्या कानावर आलेले नाही. २०१७ च्या पैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आईपासून आणि भावंडांपासून आधी तोडलेले पिल्लू किती जोराने चावल्यावर दुखते हे शिकतच नाही, हे लक्षात घेतले की या नियमाचे मोल कळते. पण घेणाराच "अजून लहान मिळेल का?" असे विचारत असेल तर विकणारा नियम कशाला पाळेल?

लसीकरणाचेही तेच. ते मनावर घेतले तर काय होते हे गोव्याने दाखवले. तिथे २०१४ पासून वाड्यावाड्यांतून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. भटक्या कुत्र्याच्या मागे जाळे घेऊन धावून लस टोचणारी माणसे आहेत, आणि माझ्या घरातल्या गादीवर झोपणाऱ्या कुत्र्याची तारीख मी चुकवली होती.

आम्ही लहानपणी नामदेवांची गोष्ट ऐकली. कुत्र्याने भाकरी पळवली तर कोरडी खाऊ नको म्हणून तुपाची वाटी घेऊन ते मागे धावले. ही भूतदया आपल्यात मुरलेली आहे. पण सदनिकेतल्या कुत्र्याला तूप कमी पडत नाही. त्याला कमी पडतो तो आपला वेळ, ठरलेला दिनक्रम आणि त्याचे म्हणणे समजून घेण्याची तसदी. आणि शेजाऱ्याच्या नातीविषयीची दया ही भूतदयेतच मोडते, हे आम्हा श्वानप्रेमींना वेगळे सांगावे लागते.

त्या सभेत बंड्याला राहू द्यायचे ठरले, अटींवर. इमारतीत आखूड पट्टा, लिफ्टमध्ये तोंडाला जाळी आणि दरवर्षी लसीच्या कार्डाची प्रत कार्यालयात. जाळीची सवय आम्ही तीन आठवडे आत खाऊ ठेवून लावली. आता जाळी दिसली की फिरायला जायचे म्हणून तो स्वतःच तोंड घालतो. लिफ्टमध्ये त्याला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवतो. दार उघडल्यावर बाहेर कुणी असेल तर आम्ही आधी विचारतो, "येताय, की आम्ही पुढे जाऊ?" ती मुलगी पहिली दोन वर्षे "तुम्ही जा" म्हणत होती. हल्ली कधीकधी आत येते. त्याला हात लावत नाही, आणि आम्हीही 'काही करत नाही तो' असे म्हणत नाही.

बंड्याच्या तोंडावरचे केस आता पांढरे व्हायला लागले आहेत. दर ऑगस्टमध्ये मी कार्ड घेऊन कार्यालयात जातो. हिशेब आता त्या मुलीचे आजोबाच पाहतात. ते चष्मा लावतात, तारीख दोनदा वाचतात, वहीत नोंद करतात आणि मग विचारतात, "कसा आहे हो तो?"