गुडघ्याला बाशिंग



उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण आपल्याला लग्नसराईत आठवते. मला ती हल्ली दर ऑक्टोबरात आठवते, आणि तीही अमेरिकेतल्या स्की रिसॉर्टांमुळे! दचकू नका. आमची लेक कोलोरॅडोत, डेन्व्हरला असते. गेली बारा-तेरा वर्षं एक-दोन हिवाळ्याआड आमचं तिकडे जाणं होतं. मी स्वतः स्कीवर कधी उभा राहिलेलो नाही, राहणारही नाही (गुडघ्यांची परवानगी नाही). पण डोळे आहेत, आणि ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला आहे. तेवढ्या भांडवलावर आज थोडं भांडायचं आहे.

भांडण कशाबद्दल, ते आधी सांगतो. कोलोरॅडोत लव्हलँड, अरापाहो बेसिन आणि कीस्टोन ही स्कीची तीन ठिकाणं एकमेकांच्या शेजारी आहेत. लव्हलँड डेन्व्हरपासून साधारण ८५ किलोमीटरवर, आणि त्याचा पायथाच १०,८०० फुटांवर! "यंदा सगळ्यात आधी कोण उघडणार?" अशी या मंडळींची शर्यत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. २०१९ साली अरापाहो बेसिन ११ ऑक्टोबरला उघडलं आणि कीस्टोन १२ ऑक्टोबरला. एका दिवसाचा फरक, पण त्याची केवढी बातमी! पूर्वेला व्हरमाँटमधलं किलिंग्टन आणि मेनमधलं संडे रिव्हर यांचीही अशीच चढाओढ असते.

आता कुणी म्हणेल, उघडू देत की, तुमचं काय जातं? थांबा. "उघडलं" या शब्दाचा अर्थ आधी पाहू. स्कीच्या डोंगरावर खाली येण्याच्या अनेक वाटा असतात, त्यांना तिकडे ट्रेल म्हणतात. मोठ्या ठिकाणी अशा शंभरावर ट्रेल. ऑक्टोबरात "उघडलं" म्हणजे त्यातली एक ट्रेल, एक लिफ्ट आणि दीड फूट जाडीचा यंत्राने केलेला बर्फ. बाकीचा सगळा डोंगर तपकिरी, आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या नाडीसारखी एक पट्टी. किलिंग्टनला तर मोसमाच्या सुरुवातीला बर्फ फक्त माथ्याजवळ असतो. लोक गोंडोलात बसून वर जातात, तिथल्या तिथे घसरतात आणि गोंडोलात बसूनच खाली येतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

हा बर्फ कसा करतात ते थोडक्यात सांगतो, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. १९४९-५० च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फच नीट पडला नाही. कनेक्टिकटमधल्या मिलफर्ड गावी स्की बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिच्या धंद्यावर गदा आली. तेव्हा वेन पीअर्स आणि त्यांच्या भागीदारांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर, एक तोटी आणि बागेतली रबरी नळी जोडून थंड हवेत पाणी उडवलं. १९५० साली पहिली स्नोगन तयार झाली. तत्त्व आजही तेच आहे. पाण्याचे बारीक थेंब दाबाखालच्या हवेबरोबर उंच उडवायचे, म्हणजे जमिनीवर पडेपर्यंत ते गोठतात.

पण गोठतात कधी? माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, वर्गात दोन तापमापक शेजारी टांगून एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळायचो. कोरडा तापमापक आणि ओला तापमापक. हवा जितकी कोरडी, तितका ओल्याचा पारा खाली. आपला माठ याच न्यायाने पाणी गार करतो. स्नोगनचं सगळं गणित या ओल्या तापमापकावर चालतं. तो साधारण उणे २ अंश सेल्सियसच्या खाली गेला की बर्फ करता येतो. कोलोरॅडोची हवा कोरडी असल्यामुळे कोरडा पारा शून्याच्या किंचित वर असतानासुद्धा तिथे काम चालू शकतं.

चालू शकतं, पण कसं? सीमेवरच्या तापमानात तेवढ्याच हवेत फार थोडं पाणी गोठतं. म्हणजे कॉम्प्रेसर घरघरतोय, वीज जळतेय आणि पदरात पडतोय थोडासा ओला, जड बर्फ. तीच यंत्रं उणे ८-१० अंशांना चालवली तर त्याच विजेत कितीतरी पट बर्फ होतो, आणि तो कोरडा व चांगला होतो. म्हणजे ऑक्टोबरातला बर्फ हा सबंध मोसमातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात वाईट बर्फ. दुपारचं ऊन लागलं की त्यातला बराच वितळतो आणि रात्री पुन्हा करावा लागतो. तीन आठवडे थांबलं तर अर्ध्या कष्टात होणारं काम आत्ताच करायचा हट्ट का? तर शेजाऱ्याच्या आधी फित कापायची म्हणून!

पाण्याचा हिशेब नातीला बरोबर घेऊन मांडला. एक एकर जमिनीवर एक फूट असा बर्फ करायला साडेपाच ते सहा लाख लिटर पाणी लागतं. समजा पट्टी २० एकरांची आणि थर दीड फुटाचा, तर झालं पावणेदोन कोटी लिटर. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे १७०० ते १८०० टँकर.

टँकर म्हटल्यावर आपल्या नातेवाइकांच्या मनात काय येणार ते मला ठाऊक आहे. "इकडे माणदेशात प्यायला पाणी नाही आणि तिकडे खेळायला बर्फ!" तो युक्तिवाद माझा नाही. तिथल्या ओढ्याचं पाणी माणला येणार नाही. शिवाय कोलोरॅडोत पाण्याचे हक्क कायद्याने बांधलेले आहेत, ओढ्यात किमान प्रवाह राखण्यासाठी १९७३ पासून राज्याची तरतूद आहे, आणि बर्फ झालेलं बहुतेक पाणी वसंतात वितळून त्याच खोऱ्यात परत येतं. तेव्हा यंत्राच्या बर्फाला सरसकट शिव्या देणाऱ्यांत मी नाही. या बर्फावर डोंगरातली गावंच्या गावं पोट भरतात, आणि नाताळच्या गर्दीआधी खाली एक भक्कम थर हवा हे मलाही पटतं. माझी तक्रार घाईची आहे. ओढ्यांना पाणी कमी असण्याचे हे दिवस. अशा वेळी उपसा करायचाच असेल तर त्यातून टिकणारा बर्फ तरी व्हावा!

आता सर्वांत महत्त्वाचं, माणसांचं. यंत्राचा बर्फ म्हणजे आभाळातून पडणारं षट्कोनी हिम नव्हे, ते गोठलेले थेंब. ताज्या हिमापेक्षा चार-पाच पट घट्ट. शेकडो स्की वरून घासून गेल्या की तो काचेसारखा होतो. अशा एकाच अरुंद पट्टीवर अख्ख्या शहराची हौस उतरते. वाऱ्यासारखे जाणारे पट्टीचे गडी, गेल्या वर्षीच शिकलेले, आणि पोरंटोरं. बाजूला सरकावं तर दगड आणि गवत.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात अशाच एका पट्टीवर (ठिकाणाचं नाव मुद्दाम देत नाही) आमच्या बारा वर्षांच्या नातीला मागून येणाऱ्या एका तरुणाने धडक दिली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या मुलाला थांबता आलं नाही आणि तिला वळायला जागा नव्हती. बिचारा तिच्याजवळ बसून रडत होता म्हणे. लेकीने चौकशी केली तेव्हा सौजन्याने सांगण्यात आलं की स्कीमध्ये हे धोके गृहीतच धरायचे असतात.

कायदा तसाच आहे. कोलोरॅडोचा १९७९ चा स्की सुरक्षा कायदा सांगतो की बर्फाची स्थिती, बदलतं हवामान, दुसऱ्या स्कीवाल्याशी टक्कर हे या खेळाचे अंगभूत धोके आहेत. खालच्या माणसाला सांभाळायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. मोकळ्या, रुंद डोंगरावर हे अगदी न्यायाचं आहे. निसर्गावर फिर्याद कुणी करावी? पण मला सांगा, ऑक्टोबरातल्या त्या पट्टीत निसर्गाचं काय आहे? बर्फ त्यांनी केला, रुंदी त्यांनी ठरवली, तारीख त्यांनी निवडली, जाहिरात करून गर्दी त्यांनी बोलावली. आणि धोका मात्र अंगभूत! हा कुठला न्याय?

आमचे जावईबापू या खेळाचे भक्त. ते म्हणाले, "बाबा, कुणी जबरदस्ती करतं का? नको असेल त्याने जाऊ नये." वरवर बिनतोड वाटतं. पण वर्षभराचे पास विकले जातात वसंतापासून, आणि ती विक्री डिसेंबरच्या सुरुवातीलाच आटोपते. म्हणजे पैसे आधी, बर्फ मागाहून. "आम्ही उघडलो" ही बातमी नेमकी पास खपवायच्या शेवटच्या आठवड्यांत येते, हा योगायोग मला तरी पचत नाही. आज कीस्टोन वेल रिसॉर्ट्सचं आहे आणि अरापाहो बेसिन २०२४ मध्ये अल्टेराने घेतलं. पासांच्या दोन बड्या कंपन्या शेजारी-शेजारी उभ्या! "नवशिक्यांसाठी योग्य नाही" ही सूचना बहुधा असते, पण ती बारीक अक्षरात. "ओपन" मात्र ठळक. नवशिका काय वाचणार?

आणि या धंद्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा त्याचा लौकिकही नाही. झिनमन आणि झिट्झविट्झ या डार्टमाऊथच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टांनी जाहीर केलेला नवा बर्फ आणि सरकारी हवामान नोंदी ताडून पाहिल्या. २००९ मध्ये निष्कर्ष बाहेर आला (पुढे २०१६ मध्ये तो रीतसर प्रसिद्धही झाला) की शनिवार-रविवारी रिसॉर्टं २३ टक्के जास्त बर्फ सांगतात! आमच्या वर्गात असा बर्फ पडला असता तर वही कोपऱ्यात फेकली असती. गंमत म्हणजे, फोनवरून स्कीवाले स्वतःच बर्फाच्या खऱ्या नोंदी टाकू लागल्यावर ही थाप बरीच आटोक्यात आली. म्हणजे लोक बघताहेत हे कळलं की आकडे सुधारतात. म्हणून तर बोलायचं.

ही घाई फक्त अमेरिकेची नाही. २०२३ च्या शरदात स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला नोव्हेंबरच्या विश्वचषक शर्यतीसाठी चक्क हिमनदीवर खोदयंत्रं चालवली. परवानगीच्या हद्दीबाहेर काम झालं म्हणून तिथल्या प्रशासनाने त्या भागातलं काम थांबवलं. शेवटी खराब हवामानामुळे शर्यती झाल्याच नाहीत, आणि पुढे ते ठिकाण वेळापत्रकातूनच गेलं. उलट फिनलंडमधल्या लेव्ही आणि रुका या ठिकाणी मागच्या हिवाळ्यातला बर्फ उन्हाळाभर झाकून साठवतात आणि ऑक्टोबरात पसरतात. लवकर सुरू करायची हौस असेल तर आमच्या आज्यांच्या कणगीसारखी ही रीत मला जास्त शहाणपणाची वाटते.

माझं मागणं फार नाही. एक, तारखेसाठी बर्फ करू नका, थंडी पडल्यावर करा. दोन, निदान दोन वेगळ्या वाटा आणि नवशिक्यांसाठी एक स्वतंत्र उतार तयार झाल्याशिवाय "उघडलं" म्हणू नका. त्याआधी लोकांना यायचंच असेल तर "सरावाची पट्टी" म्हणा आणि तिकिटं मोजून द्या. तीन, फलकावर ट्रेलची संख्या लिहून फसवू नका. किती एकर, किती रुंद, किती जाड, आणि त्यात आभाळाचा किती व यंत्राचा किती, हे पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहा. चार, गर्दी तुम्ही बोलावली असेल तर टकरींची जबाबदारीही थोडी उचला.

आणि बातमीदारांनाही विनंती, पहिलं कोण उघडलं याऐवजी पहिल्या दिवशी प्रत्येक माणसाच्या वाट्याला किती चौरस फूट बर्फ आला ते छापा. ही शर्यत दोन वर्षांत बंद पडेल. लांबच लांब रांगेत उभं राहून मिळणारा पाच मिनिटांचा घसरा कुणाला दाखवण्याजोगा वाटत नाही.

असो. पटलं तर सांगा, नाही पटलं तर जरूर भांडा. कोलोरॅडोतल्या मंडळींनी विशेषतः लिहावं. जावईबापूंचं मत मला पाठ आहे, त्यांनी पुन्हा तसदी घेऊ नये!