दोन वर्षांचा अबोला



एमिली हेन्री या अमेरिकन लेखिकेची ‘पीपल वी मीट ऑन व्हेकेशन’ ही २०२१ सालची कादंबरी आपल्या कॉलेजातल्या मुलींच्या हातात बरेच दिवस दिसते आहे. तिच्यावर चित्रपटही निघाला. आधी मैत्री आणि मग प्रेम, अशा वळणाची गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकींचं उलट झालं. आधी लग्न, मग हळूहळू मैत्री, आणि प्रेम नेमकं कधी आलं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. त्यामुळे मैत्रीचं प्रेम होताना माणसाच्या मनात काय काय हलतं, हे मला वाचायचं होतं. पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं, हसलेही भरपूर, पण जे वाचायला गेले होते ते काही मिळालं नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते. पॉपी आणि ॲलेक्स ही ओहायोतल्या लिनफील्ड या एकाच लहान गावची मुलं, पण भेटतात शिकागोच्या विद्यापीठात. ती बडबडी, रंगीबेरंगी जुने कपडे घालणारी, गावावर राग असलेली. तो अबोल, खाकी पँटवाला, घरओढीचा. सुटीत गावी जायला एकाच गाडीतून निघतात आणि मैत्री जमते. पुढे ती न्यूयॉर्कमध्ये प्रवासाच्या मासिकात लिहू लागते (तिच्या संपादिकेचं नाव स्वप्ना आहे, ते वाचून मला उगाचच बरं वाटलं), तो गावात शिक्षक होतो. दर उन्हाळ्यात दोघांनी मिळून एक सहल करायची, हा नेम. मग क्रोएशियाच्या सहलीत काहीतरी घडतं आणि दोघांचं बोलणं बंद होतं. दोन वर्षं. त्यानंतर ॲलेक्सच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या निमित्ताने पाम स्प्रिंग्जला आठवडाभराची सहल ठरते. भाड्याच्या खोलीतला एसी बिघडलेला, बाहेर वाळवंटातलं ऊन, त्यात ॲलेक्सच्या पाठीत उसण भरते. हा भाग फार गमतीचा आहे.

सहलींमध्ये दारू आहे, मासे आहेत, ते त्यांचं जग. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार क्रोएशियाची आहे.

गोष्ट पॉपी स्वतः सांगते आहे. म्हणजे क्रोएशियात काय झालं ते तिला पहिल्या पानापासून ठाऊक आहे. आम्हाला मात्र ते पुस्तक संपत आलं तरी कळू द्यायचं नाही. एक प्रकरण आजचं, एक जुन्या सहलीचं, असं पुढेमागे करत लेखिका आपल्याला झुलवत ठेवते. मला वाटत राहिलं की एवढं झाकून ठेवलंय म्हणजे केवढं मोठं असेल! निघतं काय, तर एक चुंबन. आणि त्यानंतर दोघांनीही आपापल्या मनाशी ठरवून टाकलेलं की समोरच्याला पश्चात्ताप होतोय. कोणी कोणाला विचारलं नाही, एवढंच. दहा-बारा वर्षांची मैत्री एका न विचारलेल्या प्रश्नापायी दोन वर्षं बंद पडते.

असं होत नाही असं मी म्हणणार नाही. असं होतं, आणि आपल्यात तर सर्रास होतं. म्हणूनच मला राग आला. एवढा खरा विषय हाती असताना लेखिकेने त्याचा उपयोग फक्त उत्सुकता ताणायला केला.

दशलक्षण पर्वात तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मनात एक, बोलण्यात दुसरं आणि वागण्यात तिसरं असं नसणं म्हणजे आर्जव. त्याच्या उलट माया. माया म्हटलं की आपण लबाडी, फसवणूक एवढंच धरतो. पण पॉपी लबाड नाही, चांगली मुलगी आहे. तरी ती मनातलं झाकते, हसून वेळ मारून नेते. पाम स्प्रिंग्जची सहल मासिकाच्या खर्चाने नाही, आपल्या पदरच्या पैशाने चालली आहे, हेसुद्धा ॲलेक्सला सांगत नाही. पाठीत उसण भरलेला माणूस त्या भट्टीसारख्या खोलीत कण्हतोय, आणि ही खरं सांगायचं सोडून विनोद करते. लेखिकेला हे गोड वाटतं. मला ते पाहून धस्स झालं, कारण चांगल्या माणसांची माया अशीच असते, कोणाचं मन दुखू नये म्हणून सुरू झालेली.

आपल्या गोम्मटसारात कषायांचा वासनाकाल सांगितला आहे. संज्वलन कषायाचा अंतर्मुहूर्त, प्रत्याख्यानावरणाचा पंधरा दिवस, अप्रत्याख्यानावरणाचा सहा महिने. त्यापुढेही मनात राहिला तर तो अनंतानुबंधी, भवोभव सोबत येणारा. श्वेतांबर परंपरेत मुदती थोड्या वेगळ्या आहेत, पंधरा दिवस, चार महिने, वर्ष. पण हिशेबाची रीत तीच. मला ही मोजणी नेहमीच फार शहाणपणाची वाटते. राग येऊच नये असं ती म्हणत नाही. किती दिवस ठेवलास, ते विचारते. पॉपी आणि ॲलेक्सची दोन वर्षं या हिशेबात कुठे बसतात ते तुम्हीच बघा. आणि एवढं ओझं कादंबरीत कसं उतरतं? पावसात बाल्कनीत दोघं एकमेकांच्या मिठीत येतात. क्रोएशियाबद्दल बोलणं होतं, पण प्रेम आधी कबूल होतं आणि दोन वर्षांचा जाब नंतर, घाईघाईने. त्या दोन वर्षांत एकाने तरी फोन हातात घेऊन परत ठेवला असेल, त्या एखाद्या रात्रीवर मला सबंध प्रकरण हवं होतं.

माझ्या पाहण्यात दोन जावा आहेत. लग्नातल्या आहेरावरून बोलणं बंद झालं, त्याला पंधरा वर्षं होत आली. एकाच मंदिरात, एकाच वेळी अभिषेकाला हजर असतात. क्षमावाणीला दोघीही सकाळी सकाळी हात जोडलेलं चित्र दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकतात. त्या ग्रुपमध्ये दुसरी असतेच, म्हणजे तिचीही क्षमा मागून झाली! समोर जाऊन, नाव घेऊन, “त्या दिवशी मी असं बोलले” हे मात्र राहिलंच. या दोघींमध्ये प्रेम नव्हतं असं कोणी समजू नये. एकीच्या बाळंतपणात दुसरीने सव्वा महिना केलंय. म्हणूनच अबोला इतका टिकला.

कादंबरीतली सगळ्यात चांगली गोष्ट ॲलेक्सच्या आईची आहे. धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी ती गेली. तीन लहान भाऊ आणि खचलेले वडील, सगळं थोरल्या ॲलेक्सवर आलं. जवळच्या बाईला गमावण्याची भीती त्याच्या हाडात बसली आहे. तो गप्प का राहतो, हे तिथे उलगडतं आणि डोळ्यांत पाणी येतं. लेखिकेला लिहिता येत नाही असं अजिबात नाही. पण ॲलेक्सला बोलण्याची भीती आहे हे एकदा दाखवल्यावर, ती भीती ओलांडताना तो आम्हाला दिसायला हवा होता.

आणि घर कोणी सोडायचं? आपण सगळ्या सोडून आलो, त्यामुळे या प्रश्नापाशी मी सरसावून बसले. पॉपी गावात राहायलाही तयार होते, पण शेवटी दोघं राहतात न्यूयॉर्कमध्येच. म्हणजे गाव सोडतो तो. पुरुषाने सोडलं, छान वाटलं. पण ज्याने भावांना वाढवलं, त्याला ते घर सोडताना काय झालं? वडील काय म्हणाले? शेवटच्या थोड्या पानांत सगळं आनंदीआनंद. वर्षात एक आठवडा सहलीला एकत्र राहणं वेगळं आणि उरलेले एक्कावन्न आठवडे एका घरात काढणं वेगळं. ते एक्कावन्न आठवडे पुस्तकात जवळजवळ नाहीतच.

मुलींना वाचू द्यावी का, असं दोघीतिघींनी विचारलं. काही पानं मोकळी आहेत, लहानांसाठी नाहीत. वीस-बावीसची मुलगी असेल तर ती तुम्हाला विचारणारही नाही, तेव्हा आपणही वाचलेली बरी. माझी प्रत सध्या नणंदेकडे आहे. तिची झाली की हवी असेल त्यांनी सांगा. क्रोएशियाचं प्रकरण मी खूण घालून ठेवलंय, ते आधी वाचा. उत्सुकता संपेल, पण मग बाकीचं पुस्तक जास्त नीट दिसतं.