खेड्यातील हायस्कूलचे वर्ष : एक न लिहिलेले गद्य

मराठी साहित्यात शाळा पुष्कळ आहे. शाळेचे वर्ष मात्र क्वचितच आढळते. हे विधान थोडे स्पष्ट करावयास हवे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) मास्तर आहे, परंतु कादंबरी वाडीची आहे, शाळा हे वाडीत शिरण्याचे दार. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) शिक्षण ही बापाशी झगडून मिळवावयाची गोष्ट आहे, त्यामुळे वर्गात बसल्यानंतरचे साधे, कंटाळवाणे दिवस ओघानेच मागे पडतात. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने (२००४) नववीचे एक अख्खे वर्ष, तेही आणीबाणीचे, हाती घेतले. तिचे ऋण मोठेच आहे. पण तिथली मुले शहराच्या कडेला वाढणाऱ्या गावातली आहेत. जे मूल सकाळी एस.टी.ने शाळेत येते, सुट्टीच्या दिवशी रोजाने कांदा लावते आणि घरी ज्या भाषेत भांडते ती वर्गात तोंडातून काढत नाही, त्याचे जून ते एप्रिल मराठी गद्याने सलगपणे लिहिलेले नाही, असे आम्हास वाटते.

हा विचार सटाण्याच्या परिसराकडे पाहताना अधिक टोचतो. सटाणा हे बागलाण तालुक्याचे ठाणे. पश्चिमेस साल्हेर-मुल्हेरचे डोंगर, खाली आरम आणि मोसम नद्यांची खोरी, आणि त्यांत कांदा, द्राक्ष, डाळिंब. गावाची सर्वदूर ओळख देवमामलेदारांमुळे. १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठी खुला करणारे मामलेदार यशवंतराव भोसेकर येथे देवपदाला पोहोचले. (महसुली दप्तरातून दैवत निघाल्याचे असे उदाहरण दुर्मीळच म्हणावयाचे.) तालुक्यातील खेडोपाडी लहान लहान हायस्कुले आहेत. पाचवी ते दहावी, प्रत्येकी एखादी तुकडी, शिक्षक मोजके. ज्याने भूगोल शिकवावयाचा त्यालाच कधी हिंदीही शिकवावी लागते.

अशा शाळेचे वर्ष वाचावयाचे असेल तर निकालपत्रक उपयोगाचे नाही, हजेरीपट उघडावा. जूनच्या मध्यावर वर्ष सुरू होते तेव्हा पेरणीची घाई असते. वर्ग भरतात, पण शाळा खऱ्या अर्थाने भरते ती पाऊस स्थिरावल्यावर. मग काही महिने सुरळीत जातात : परिपाठ, प्रतिज्ञा, सुविचार, फळ्याच्या कोपऱ्यात पटसंख्या आणि उपस्थिती. दुपारी खिचडी शिजते ती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी, कारण पोषण आहाराची योजना तिथवरच पोहोचते. नववी-दहावीची मुले त्याच व्हरांड्यात आपापला डबा उघडतात किंवा उघडत नाहीत. आठवीतून नववीत गेल्याने भूक कमी होते अशी कल्पना ज्याने केली असेल त्याच्या कल्पकतेला मराठी कथेत स्थान मिळावयास हवे होते.

दिवाळीनंतर हजेरीपटात रिकाम्या चौकटी वाढू लागतात. बागलाणात द्राक्षांची छाटणी इतर भागांच्या आधी होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात माल निघू लागतो. त्याच सुमारास उन्हाळ कांद्याची लागवड येते. वाफ्यात ओणवे होऊन रोप लावण्याच्या कामाला लहान, चपळ हात हवे असतात. मार्गशीर्षात देवमामलेदारांची यात्रा भरते. तेव्हाची गैरहजेरी निदान आनंदाची असते. याच दिवसांत सहल आणि स्नेहसंमेलन. सहलीच्या यादीत किती नावे राहतील हे बाजार समितीतला भाव ठरवतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती नेमकी सहलीच्या हंगामात. वर्तमानपत्रांतून आंदोलने वाचली; एखाद्या आठवीतल्या मुलाने त्या आठवड्यात यादीवरचे आपले नाव खोडून घेतले असेल, तर ती बातमी कोण लिहिणार? पुढे दहावीचा निरोप समारंभ, बोर्डाची परीक्षा आणि मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढणी. शेवटच्या घटक चाचणीला वर्ग पुन्हा अर्धा.

वर्षाचा हा ताल एरवी पुनरावृत्तीमुळे दिसेनासा होतो. तो मोडला की दिसतो. २०२१-२२ चे वर्ष घ्यावे. करोनाच्या दीर्घ बंदनंतर ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग भरू लागले आणि महिन्याभरातच एस.टी.चा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, पण बस नसेल तर पास म्हणजे नुसता कागद. शाळा उघडी, शिक्षक हजर आणि चार-सहा किलोमीटरवरच्या मुली घरी. कोणत्या मुली त्यानंतर परतल्या आणि कोणत्या नाही, हे शाळांच्या जनरल रजिस्टरात एकेका ओळीत नोंदलेले असते. त्या ओळीला कादंबरीकार भेटलेला नाही.

का भेटलेला नाही? आमच्या मते याचे उत्तर निबंधाच्या वहीत आहे. बागलाणातील बहुसंख्य मुले घरी अहिराणी बोलतात. कोकणा आणि भिल्ल मुलांच्या बोली आणखी निराळ्या. ग्रिअर्सनने १९०७ साली आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसविले. त्या वर्गीकरणाविषयी वाद आहेत. प्रमाण मराठीपासूनचे अंतर मात्र कानाला सहज कळते. ‘माझा’ऐवजी ‘मना’, ‘शेतात’ऐवजी ‘वावरमा’, आणि ‘ळ’चा ‘य’ झाल्याने ‘डोळा’चा ‘डोया’. याच मुलास वर्गात बहिणाबाईंची कविता शिकवितात, तिच्यातील खानदेशी बोलीचा गोडवा सांगतात, त्यावर प्रश्न काढतात. आणि त्याच तासाला त्याच्या वहीतील ‘वावरमा’भोवती लाल वर्तुळ पडते. बोली दिवंगत कवयित्रीची असली की सौंदर्य, चौदा वर्षांच्या मुलाची असली की अशुद्धलेखन!

यातून मूल फार लवकर एक धडा शिकते : लिहावयाचे असते ते आपले नसते. मग ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात मोर थुईथुई नाचतो, कवी खिडकीशी बसतो आणि गरम भजी येतात. ज्याच्या घरी काल गारपिटीने डाळिंबाचा बहर झडला तो मुलगाही हेच लिहितो, कारण यालाच गुण मिळतात. प्रमाणभाषा शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. ती न येणाऱ्या मुलाचे पुढे काय होते हे बोलीचे कौतुक करणाऱ्या शहरी समीक्षकांपेक्षा तिथला शिक्षक अधिक जाणतो. आमचा आक्षेप भाषा शिकविताना अनुभवही बदलून घेण्याला आहे.

याच खानदेशात एक वेगळा प्रयोग होऊन गेला. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. आपण या घटनेकडे चरित्रातील हृद्य तपशील म्हणून पाहतो. वाङ्मयीन दृष्ट्या तिचा अर्थ निराळा आहे : वसतिगृहातील रोजचा दिवस लिहिण्याच्या योग्यतेचा असतो, हे एका शिक्षकाने मान्य केले होते. ‘श्यामची आई’ नंतर, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिच्यातील साध्या गद्याला या रोजच्या सरावाचा लाभ झाला असावा, असे आम्ही मानतो.

आमचे अनेक वाचक एम.ए., बी.एड. करून उद्या अशाच एखाद्या हायस्कुलात रुजू होतील. त्यांच्यासाठी एक सूचना. वर्गाची एक वही ठेवावी. दर आठवडा एका मुलाकडे. त्या आठवड्यात शाळेत, वावरात, एस.टी.त जे घडले ते त्याने लिहावे, बोललेले वाक्य बोललेल्या भाषेतच ठेवावे, आणि त्या वहीला लाल पेन लावू नये. मुख्याध्यापक अभ्यासक्रमाचे कारण पुढे करतील. नववी-दहावीच्या भाषाविषयांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. त्या २० मध्ये या वहीला जागा काढता येते का ते पाहावे. नाहीच जमले तर आठवीपासून आरंभ करावा. तिथे बोर्ड नाही, आणि खिचडीही मिळते.